पाच, तीन, तीन : टेबलावरच्या रेल्वेतलं खरं शंटिंग

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडच्या डोंगराळ मुलखात, नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १८८७ साली अ‍ॅल्निक ते कॉर्नहिल अशी एक शाखा सुरू केली. वस्ती विरळ, शेती आणि मेंढपाळी हाच मुख्य व्यवसाय. प्रवासी गाड्या १९३० मध्येच थांबल्या. मालगाड्या मात्र त्यानंतरही बरीच वर्षं येत राहिल्या. या शाखेवर किलहॅम नावाची जागा होती. तिथल्या मालाच्या सायडिंगवरून अ‍ॅलन राइट या ब्रिटिश छंदकाराला कल्पना सुचली, आणि त्यांनी बेतलेली छोटी मॉडेल रेल्वे आज ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या नावाने जगभरच्या छंदकारांना ठाऊक आहे. दोन सांधे, तीन फाटे, एक इंजिन, आठ वाघिणी. गोल फिरणारी गाडी नाही, बोगदा नाही, घाट नाही. तरीही माणूस तिच्यासमोर तासन्‌तास बसतो.

मॉडेल रेल्वे म्हटलं की मराठी माणसाला बहुधा पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं, १९९८ मध्ये खुलं झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आठवतं. एका वेळी अनेक गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात. ते बघण्याचं सुख मोठंच आहे, पण तेवढी जागा घरात नसते. दोन खोल्यांच्या घरात मिळते ती भिंतीलगतची एक फळी: सव्वा मीटर लांब, वीतभर रुंद. या फळीवर मेल-एक्स्प्रेस धावणार नाही. शंटिंग मात्र पुरेपूर होईल, आणि नीट बेतलं तर ते खऱ्या रेल्वेसारखंच दिसेल आणि वागेल.

आलेल्या मालगाडीतून एखादी वाघीण काढायची, ती मालधक्क्याला लावायची, रिकामी झालेली उचलायची, दुसऱ्या दिशेला जाणाऱ्या वेगळ्या काढायच्या आणि परतीची गाडी योग्य क्रमाने जुळवायची, हे सगळं शंटिंग. स्थानकात आपण गाडीची वाट बघत उभे असताना पलीकडच्या रुळावर एखादं इंजिन दोन डबे घेऊन उगाच पुढे-मागे करतंय असं वाटतं, तेव्हा हेच चाललेलं असतं. प्रत्येक हालचालीमागे एक गरज असते.

इंगलनुकची रचना शब्दांत सांगता येण्याइतकी सोपी आहे. डाव्या बाजूला एक आंधळा रूळ. आपल्याकडचे रेल्वेवाले त्याला शंटिंग नेक म्हणतात: इंजिनाला वाघिणी घेऊन पुढे-मागे करता यावं म्हणून राखलेला तुकडा. तो उजवीकडे जाताना पहिल्या सांध्यावर एक फाटा फुटतो, दुसऱ्या सांध्यावर आणखी एक, आणि सरळ पुढे जाणारा रूळ हा तिसरा. असे तीन फाटे झाले. सर्वांत लांब फाट्यावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून एकही जास्त नाही. सुरुवातीला लांब फाट्यावर पाच, एका आखूड फाट्यावर तीन, दुसरा आखूड फाटा रिकामा. मग आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या करून त्यांतल्या पाच काढायच्या, आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या वाघिणी लांब फाट्यावर उभ्या करायच्या.

ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. पण आठांतून पाच निवडण्याचे प्रकार ५६ असले तरी क्रमही पाळायचा म्हटला की तेच ६,७२० होतात. तिन्ही फाट्यांवर मिळून जागा अकरा, वाघिणी आठ. म्हणजे रिकाम्या जागा तीन, आणि नेकमध्ये मावणाऱ्या वाघिणीही तीनच. या मापांत कोणताही क्रम लावता येतो, कुठेही कायमचं अडकायला होत नाही. सायमन ब्लॅकबर्न या ब्रिटिश गणितज्ञाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमका हाच प्रश्न घेतला आहे: फाटे आणि नेक किती लांब असले म्हणजे वाटेल तो क्रम जुळवता येईल याची खात्री देता येते? फळीवरच्या दोन सांध्यांमध्ये गणितज्ञाला निबंधाचा विषय सापडावा, ही मला त्या मांडणीला मिळालेली मोठी दाद वाटते.

इंगलनुकच्या शेजारी दुसरं एक नाव नेहमी घेतलं जातं, ते ‘टाइमसेव्हर’चं. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे राहणारे जॉन अ‍ॅलन हे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेकारांपैकी सर्वांत गाजलेले. त्यांची घरातली अवाढव्य डोंगरी रेल्वे मासिकांमधल्या छायाचित्रांतून सगळ्यांना पाठ झाली होती. टाइमसेव्हरचा आराखडा ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाच्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकात आला, आणि जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले. टाइमसेव्हर हा घड्याळ लावून खेळण्याचा खेळ होता. पाच सांधे, आखूड फाटे, मधे इंजिनाला वाघिणींना वळसा घालता यावा म्हणून एक छोटी लूप, आणि सगळ्या लांब्या अशा मोजूनमापून ठेवलेल्या की एक वाघीण जरी जास्त झाली तरी सांधा अडतो. खेळ म्हणून तो उत्तम आहे. पण पुढे अनेकांनी तोच आराखडा उचलून त्यावर झाडं, गोदामं आणि स्थानकाची पाटी लावली आणि त्याला रेल्वे म्हटलं. तिथे गोष्ट बिघडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण खरी रेल्वे स्वतःसाठी कोडी घालत नाही. शंटिंगचा प्रत्येक फेरा म्हणजे कोळसा किंवा डिझेल, इंजिनाचा वेळ, शंटिंग मास्टर आणि सांधेवाल्यांचा पगार, आणि शिवाय अपघाताचा धोका. यार्ड आखणारा अभियंता शक्य तितक्या कमी हालचालींत काम व्हावं असंच आखतो. नेक आखूड पडत असेल तर तो वाढवतो. फाटा अपुरा पडला तर दुसरा टाकतो. मग खऱ्या यार्डात अडचण येते कुठून? जागेतून, पैशातून आणि इतिहासातून. पुढे रस्ता आहे म्हणून नेक वाढवता येत नाही. शेजारची जमीन गिरणीमालकाची आहे म्हणून फाटा वळवून घ्यावा लागतो. धक्का बांधला तेव्हा वाघिणी लहान होत्या, आता मोठ्या आल्या. छोट्या फळीवर वास्तव शंटिंग बेतायचं तर अडचण हवीच, पण ती अशा कारणातून आलेली हवी, आणि ते कारण बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसायला हवं. इंगलनुकच्या नेकमध्ये तीनच वाघिणी का मावतात? तिथे पूल उभा करा, लेव्हल क्रॉसिंगचं फाटक लावा किंवा बंदराची दगडी भिंत आडवी घाला. त्या क्षणी नियमाचा प्रसंग होतो. चौथी वाघीण ओढली तर ती रस्त्यावर जाईल, आणि ते आपल्याला करायचं नाही, एवढं कोणालाही सांगावं लागत नाही.

ब्रिटिश स्थानकांचे जुने आराखडे बघितले की ही कारणं भरभरून सापडतात. तिथल्या दुहेरी मार्गांवर मालाच्या यार्डाचा सांधा बहुधा असा बसवलेला असे की धावत्या गाडीला तो समोरून लागू नये. गाडी आधी सांध्याच्या पुढे जाऊन थांबायची, मग मागे ढकलत यार्डात शिरायची. समोरून लागणारा सांधा अर्धवट सरकलेला राहिला तर भरधाव गाडी रुळावरून उतरू शकते, म्हणून सरकारी तपासनीस असे सांधे शक्य तितके टाळायला लावत, आणि जिथे ते अटळ असत तिथे कुलपाची सोय मागत. मॉडेल बेतणारा नवशिका बरोबर उलट करतो: गाडी सरळ यार्डात शिरावी असा सांधा टाकतो, कारण ते सोपं दिसतं. एकेरी मार्गावर तर प्रत्येक सांधा कुठल्या तरी एका दिशेला समोरून लागतोच. मग अशा स्थानकात एका दिशेच्या मालगाडीनेच कामं करायची आणि उलट दिशेच्या वाघिणी आधी पुढच्या मोठ्या स्थानकात नेऊन परतीच्या गाडीने आणायच्या, असा रिवाज पडत असे. फळीवर ही एक गोष्ट पाळली तरी खेळाचं रूप बदलतं.

यार्ड मुख्य मार्गाला जिथे मिळतं तिथे आणखी एक बारीक गोष्ट असते, ट्रॅप पॉइंट. यार्डात उभी असलेली वाघीण चुकून घरंगळली तर तिने मुख्य मार्गावर जाण्याऐवजी तिथेच रुळावरून उतरावं, यासाठी बसवलेला तो अपुरा सांधा. मॉडेलमध्ये तो चालता करायची गरज नाही. रुळाशेजारी दोन छोट्या पात्या चिकटवल्या तरी पुरे. पण जाणकाराची नजर पहिल्यांदा तिकडे जाते, आणि तो नसला तर बाकीची सुंदर झाडंझुडपं त्याला खरी वाटत नाहीत.

मात्र शंटिंगचा खरा जीव आहे तो वाघिणी ठरावीक जागी उभ्या करण्यात. इंगलनुकच्या मूळ खेळात तिन्ही फाट्यांवरच्या जागा सारख्याच. खऱ्या मालधक्क्यावर तसं नसतं. ब्रिटिश खेड्यातल्या छोट्या यार्डातसुद्धा गुरांचा धक्का वेगळा, कोळसा उतरवायची जागा वेगळी, अवजड लाकडासाठी क्रेनखालची जागा वेगळी, गाडी-नांगर वाघिणीच्या तोंडाकडून चढवायचा धक्का आणखी वेगळा. नाजूक माल शेडच्या छपराखाली. वाघीण फाट्यावर पोचली म्हणजे काम झालं असं होत नाही. ती नेमक्या दारासमोर, नेमक्या क्रेनखाली उभी राहायला हवी. आणि तिथेच आधीपासून एखादी अर्धवट रिकामी झालेली वाघीण उभी असते.

हे एका उदाहरणाने सांगतो. समजा एका गोदामाच्या भिंतीलगत तीन वाघिणींचा फाटा आहे आणि गोदामाला तीन दारं आहेत. सांध्यापासून सर्वांत दूरच्या, तिसऱ्या दाराची वाघीण रिकामी झाली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या दारांशी हमाल अजून पोती उतरवताहेत. रिकामी न्यायची आणि तिच्या जागी क्रेनच्या फाट्याच्या तोंडाशी उभी असलेली भरलेली वाघीण आणायची. इंजिन गोदामाच्या फाट्यावर जाऊन तिन्ही वाघिणी जोडतं आणि नेकमध्ये ओढतं. आता रिकामी वाघीण इंजिनापासून सर्वांत दूरच्या टोकाला आहे. तिन्ही वाघिणी लांब, मुख्य फाट्यावर ढकलायच्या, रिकामी तिथे सोडायची, दोन घेऊन मागे यायचं. त्या दोन क्रेनच्या फाट्यावर ढकलून भरलेली वाघीण पुढच्या टोकाला जोडायची, पुन्हा तीन घेऊन नेकमध्ये, आणि मग तिन्ही गोदामाच्या फाट्यावर. भरलेली वाघीण बरोबर तिसऱ्या दाराशी जाते आणि आधीच्या दोघी आपापल्या दारांशी परत येतात. नेकमध्ये तीनच मावतात म्हणून हे जमलं. नेक दोनच वाघिणींचा असता तर आधी दोन काढून कुठेतरी ठेवा, मग तिसरीसाठी परत जा, अशा फेऱ्या वाढल्या असत्या. यात कोड्याचा अंशही नाही, तरी डोकं चालवावं लागतं. खऱ्या शंटरचं रोजचं काम हेच होतं.

काळ निवडताना फार जपावं लागतं, आणि भारतीय रेल्वेचं मॉडेल करणाऱ्याला तर जास्तच. १९८० च्या दशकापासून आपल्या रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेतली आणि एकाच मालाची, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट जाणारी अख्खी गाडी हा मुख्य प्रकार झाला. कोळशाच्या ५८ बॉक्सएन वाघिणींची गाडी घ्या. एक वाघीण कपलिंगसकट सुमारे १०.७ मीटर. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात ती बारा सेंटिमीटरच्या थोडी वर येते, आणि इंजिन सोडून अख्खी गाडी सात मीटरच्या पुढे जाते. अशी गाडी येते, भरते किंवा रिकामी होते आणि जशीच्या तशी परत जाते. तिच्यात शंटिंगला वाव फार थोडा. म्हणून छोट्या फळीसाठी जुना काळ घ्यावा: चारचाकी वाघिणी, सुटा माल, प्रत्येक वाघिणीची बिल्टी वेगळी. ब्रिटिश मॉडेलकार याच कारणाने पन्नाशीच्या दशकात रमतात. त्यांच्या कोळशाच्या चारचाकी वाघिणी १:७६ प्रमाणात जेमतेम साडेसात-आठ सेंटिमीटर भरतात, आणि १९५२ ते १९६२ या काळात बांधलेलं त्यांचं नेहमीचं शंटिंगचं डिझेल इंजिन, क्लास ०८, त्याच प्रमाणात १२ सेंटिमीटरला किंचित कमी. नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणी म्हणजे साधारण ३६ सेंटिमीटर, पाच वाघिणींचा फाटा ४०, मधल्या सांध्यांना ३५-४०. सव्वा मीटरचा हिशोब इथून येतो. फाट्याची लांबी मोजताना मात्र सांध्याच्या टोकापासून न मोजता फाउलिंग मार्कपासून मोजायची, म्हणजे जिथून पुढे उभी असलेली वाघीण शेजारच्या रुळावरच्या वाघिणीला घासणार नाही तिथून. या मापात चूक झाली की पाचाच्या फाट्यावर साडेचारच वाघिणी मावतात.

आखूड सांधे आणि तीव्र वळणं ही छोट्या फळीची दुसरी लाज. बाजारात मिळणाऱ्या एका नेहमीच्या ब्रिटिश कंपनीच्या सांध्यांचा कोन १२ अंश असतो, म्हणजे साधारण १ ला ४.७. आपल्या यार्डांत १ ला ८.५ हा सांधा चालतो, आणि प्रवासी गाड्यांच्या मार्गावर १ ला १२. तुलनेत मॉडेलचे सांधे फारच वाकडे. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे खऱ्या जगातही जिथे रूळ असेच आवळून बसवले होते, अशी जागा निवडणं: बंदर, दारूभट्टी, गिरणी, गॅस कारखाना. अशा ठिकाणी छोटी टाकीवाली इंजिनं चालत, कुठे वाघिणी दोरखंड आणि यांत्रिक चाकाने ओढत, कुठे चक्क घोडे लावत. इंग्लंडमध्ये न्यूमार्केट स्थानकात शंटिंगचा शेवटचा घोडा १९६७ मध्ये निवृत्त झाला, तोवर माणूस अवकाशात जाऊन आला होता.

आपल्याकडे या दृष्टीने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेसारखा दुसरा विषय नाही, असं मला मनापासून वाटतं. १ जानेवारी १९१५ रोजी ती सुरू झाली. बॅलर्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत, गोद्या आणि गोदामांच्या अंगाने जाणारी, आणि शहरात येणाऱ्या दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या मार्गांशी जोडलेली. शिवडी-कॉटन ग्रीनकडे कापसाची गोदामं, पुढे धान्याची, गोद्यांवर क्रेन आणि शेड. कापसाच्या गासड्या, धान्याची पोती, यंत्रांची खोकी: वाघिणींना येण्यासाठी इतकी कारणं दुसरीकडे एका जागी मिळणं कठीण. आणि मागची भिंत आयतीच. दगडी गोदामाचा दर्शनी भाग तीन-चार सेंटिमीटर जाडीचा करून फळीच्या मागच्या कडेला लावला की बाकीचं गोदाम बघणारा मनाने पूर्ण करतो. बंदराचं फाटक नेकच्या टोकाला येतं आणि तिथे तीनच वाघिणी का मावतात ते आपोआप कळतं. मोठ्या रेल्वेकडून येणाऱ्या गाड्यांसाठी एका कोपऱ्यातून गोदामांच्या फटीतून एक रूळ बाहेर काढायचा. पलीकडे, बघणाऱ्याच्या नजरेआड, फिडल यार्ड: तिथे हाताने वाघिणी बदलायच्या. छंदकारांच्या भाषेत ते म्हणजे उरलेलं जग. वडाळा, भुसावळ, खानदेशातल्या जिनिंग प्रेस, सगळं त्या तीस सेंटिमीटरच्या लपलेल्या पट्टीत.

भारतीय ब्रॉडगेजची एक अडचण मात्र सांगायलाच हवी. खरं अंतर १,६७६ मिलिमीटर. एचओ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर यायला हवं, पण बाजारातला रूळ १६.५ चा. समोरून बघितलं की वाघीण अरुंद रुळावर तोल सावरत उभी असल्यासारखी दिसते. फळी डोळ्यांच्या उंचीला लावावी आणि रूळ समोरून दिसणार नाहीत असे बघणाऱ्याला समांतर ठेवावेत. मग हा फरक फारसा जाणवत नाही. बंदरात रूळ दगडी फरसबंदीत बुडवता येतात, ती आणखी एक सोय. नॅरोगेजवाल्यांचं नशीब याहून चांगलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. १:८७ मध्ये ते अंतर ८.८ मिलिमीटर येतं, आणि एन गेजचा सहज मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा आहे. कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या वाघिणीतून नॅरोगेजच्या वाघिणीत माल उतरवून चढवावा लागे. दोन गेजचे रूळ समांतर, मधे धक्का, आणि प्रत्येक मोठ्या वाघिणीसमोर तिचीच छोटी वाघीण आणून लावायची: हा विषय कोणी फळीवर आणला तर तो मला जन्मभर पुरेल.

आराखडा कितीही चांगला असला तरी इंजिन हळू चाललं नाही तर सगळं व्यर्थ. शंटिंगचा वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका. ताशी ८ किलोमीटर धरला तर १:७६ प्रमाणात तो सेकंदाला तीन सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे सव्वा मीटरची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला चाळीस सेकंद लागतात. इतक्या हळू चालणारं छोटं इंजिन सांध्याच्या मधोमध, रूळ एकमेकांना छेदतात त्या निर्जीव प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, हमखास बंद पडतं. म्हणून सांधे विकत घेताना तो भागही वीजवाहक असलेले घ्यावेत, आणि सांधा बदलला की त्याची वीज बदलेल अशी जोडणी करावी. इथे पैसे वाचवू नयेत. एकदा इंजिनाला बोटाने ढकलावं लागलं की मांडलेला भ्रम मोडतो.

कपलिंगचंही तसंच. अमेरिकेतल्या केडी कंपनीच्या जोडण्या रुळाखालच्या चुंबकाने सुटतात, आणि एकदा सुटलेली वाघीण न जोडता पुढे ढकलून हव्या त्या जागी सोडता येते. त्यामुळे प्रत्येक दाराशी चुंबक नको. फाट्याच्या तोंडाशी एक पुरतो. ब्रिटिश मॉडेलकारांतले हट्टी लोक मात्र तीन कड्यांची खरी साखळीच वापरतात आणि आकड्याच्या बारीक काठीने ती सोडवतात, कारण त्यांच्या शंटरच्या हातात तशीच काठी असे. त्यांच्याशी माझं पटतं. हाताला लागणारा तो वेळ वाया जात नाही. वाघिणींच्या बाजूला उभं राहून त्या काठीने साखळी काढायला माणसालाही तेवढाच वेळ लागायचा.

रूळ खिळण्याआधी कागदावर सगळं खऱ्या मापात काढा आणि पुठ्ठ्याच्या वाघिणी कापून त्यावर सरकवून बघा. फाउलिंग मार्क, गोदामाची दारं, क्रेनची जागा सगळं आखा. एक पूर्ण दिवसाचं काम पुठ्ठ्यांनी करून बघितल्याशिवाय आरी हातात घेऊ नका. कुठला फाटा कधीच वापरला जात नाही ते इथेच कळतं, आणि तो काढून टाकला की फळी मोकळी होते.

मग बिल्ट्या. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करावं आणि त्याच्या खिशात चार बाजूंना चार मुक्काम लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. काम संपलं की चिठ्ठी एक बाजू फिरवायची. पुढच्या बैठकीला वाघिणीला आपोआप नवं ठिकाण मिळतं. रिकामी येईल, भरेल, जाईल, परत येईल. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायची गरज उरत नाही, कारण क्रम आता व्यापारातून येतो. मुंबईच्या गोदीतल्या त्या फळीसाठी पहिल्या दिवसाचं काम मी असं लिहीन. सकाळच्या गाडीने वडाळ्याहून चार वाघिणी: दोन कापसाच्या, एक धान्याची, एक रिकामी. कापसाच्या पहिल्या आणि तिसऱ्या दाराशी लावायच्या, कारण दुसऱ्या दाराशी कालची वाघीण अजून उतरायची आहे. धान्याची मुख्य फाट्यावर थांबवायची, तिचा ताबा दुपारी व्यापारी घेईल. काल रिकाम्या झालेल्या दोन परतीच्या गाडीत, गार्डच्या डब्यापुढे. आणि क्रेनखालच्या वाघिणीला आज हलवायचं नाही. तिच्यात यंत्रांची खोकी अर्धी शिल्लक आहेत आणि क्रेनवाला दुपारनंतर येणार आहे.